व्हॅक्यूम म्हणजे उणीव

पुण्यात स्प्लिट एसी बसवताना नवख्या मेकॅनिकला एक कोडं हमखास पडतं. पाइप जोडून झाले, फ्लेअरचे नट आवळले, पंप लावून ‘व्हॅक्यूम मारायला’, म्हणजे पाइपांतली हवा काढायला, घेतला. निळ्या गेजची सुई शून्याच्या खाली सरकत जाते आणि २८च्या आसपास येऊन थांबते. तबकडीवर तर पाऱ्याच्या इंचांत ३०पर्यंत आकडे छापलेले. अर्धा तास पंप चालवला तरी सुई तसूभर हलत नाही. मग पंपाचं तेल बदल, होजपाइप बदल, लीक शोधायला साबणाचा फेस लाव, असे उद्योग सुरू होतात. तोच पंप आणि तोच गेज मुंबईत नेला तर सुई ३०ला टेकते.

पंप चांगला असतो, जोडही घट्ट असतात. आत किती रिकामं झालं हे तो गेज मोजतच नाही. आत आणि बाहेर यांच्यातला फरक तेवढा तो दाखवतो. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचावर, त्यामुळे तिथे बाहेरच्या हवेचा दाबच मुळात पाऱ्याच्या ७१ सेंटिमीटरइतका, म्हणजे २८ इंच. त्यातून सगळंच्या सगळं वजा केलं तरी २८च हाती लागणार. महाबळेश्वरला तर ही सुई साडेपंचविसाच्या पुढे जायची नाही.

व्हॅक्यूम या शब्दाचा व्यवहारातला अर्थ इथे लख्ख दिसतो. बाहेरच्यापेक्षा आत जेवढं कमी, तेवढा व्हॅक्यूम. आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे: उणीव. आणि हा अर्थ ओढूनताणून बसवलेला नाही, तो शब्दाच्या कुळातच आहे.

लॅटिनमध्ये ‘व्हॅकुअस’ म्हणजे रिकामा. ‘व्हॅकुअम’ हे त्याचं नपुंसकलिंगी रूप, म्हणजे ‘रिकामं ते’. इंग्रजीने सोळाव्या शतकात ते जसंच्या तसं उचललं, दोन ‘यू’ शेजारीशेजारी ठेवून. अशी जोडी असलेले शब्द इंग्रजीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्याच्याही मागे गेलं तर भाषाशास्त्रज्ञ एका प्राचीन इंडो-युरोपीय धातूपाशी पोहोचतात. त्याचा अर्थ सोडून जाणं, कमी पडणं. इंग्रजीतले ‘वॉन्ट’, ‘वेन’ (चंद्राच्या कला उतरतात तो), ‘व्हेन’ (व्यर्थ) आणि ‘व्हास्ट’ हे त्याच धातूचे वंशज मानले जातात. आणि संस्कृतातला ‘ऊन’ही. त्या ‘ऊन’पासून आपला उणा, उणे, उणीव. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस या आकड्यांच्या पोटात बसलेला ‘ऊण’ही तोच: विसात एक उणा. म्हणजे ‘एकोणीस’ म्हणताना मराठी माणूस व्हॅक्यूमच्या चुलतभावाचं नाव घेत असतो.

रोमन लोकांच्या तोंडी मात्र ‘व्हॅकुअस’ हा पदार्थविज्ञानातला शब्द नव्हता. घर रिकामं, आसन रिकामं, माणूस मोकळा, वेळ मोकळा, या सगळ्याला एकच शब्द. ‘व्हॅकारे’ म्हणजे रिकामं असणं, त्यावरून कामातून मोकळं असणं. कोर्टाचं ‘व्हेकेशन’ त्यातूनच आलं: न्यायासन रिकामं असण्याचा काळ. ‘स्टे व्हेकेट झाला’ यातला व्हेकेट तोच, नोकरीतली ‘व्हेकन्सी’ तीच. घर विकताना विकणाऱ्याने माणसं-सामान हलवून जागा रिकामी करून द्यायची, याला रोमन कायद्यात ‘व्हॅकुआ पझेसिओ’ म्हणत. इंग्रजी कायद्यात ते ‘व्हेकंट पझेशन’ झालं आणि आपल्या खरेदीखतांत ‘खुला कब्जा’. फ्रेंचमधून फिरून आलेली याच घराण्यातली दुसरी शाखा म्हणजे ‘व्हॉइड’ आणि ‘अव्हॉइड’. ‘अव्हॉइड’ म्हणजे मुळात रिकामं करणं, जागा सोडून जाणं. टाळणं हा अर्थ मागाहून चिकटला.

जागा आणि सवड यांना एकच शब्द असणं आपल्यालाही परकं नाही. ‘अवकाश’ पाहा. अवकाशात यान जातं आणि गाडी यायलाही अजून अवकाश असतो. रिकामा डबा तसा रिकामा माणूस. मोकळं मैदान तशी मोकळी संध्याकाळ. आणि रिकाम्या माणसाबद्दलची नाराजीही दोन्हीकडे सारखीच. इंग्रजीत ‘व्हॅक्युअस’ हा शब्द आज बहुधा पोकळ बोलण्याला किंवा बिनडोक चेहऱ्यालाच लावतात. पोकळीसाठी लॅटिनमध्ये आणखी एक शब्द होता, ‘इनाने’. अणूंवर कविता करणाऱ्या लुक्रेशियसला तोच जास्त आवडायचा. इंग्रजीत येऊन ‘इनेन’चा अर्थ झाला निव्वळ मूर्खपणाचं.

या शब्दाची खरी धुमश्चक्री झाली ती विज्ञानात, आणि तीही जवळपास दोन हजार वर्षं. ॲरिस्टॉटलचं म्हणणं, पोकळी असूच शकत नाही. त्याचा युक्तिवाद वाचण्यासारखा आहे. वस्तू दाट माध्यमात हळू जाते, विरळ माध्यमात वेगाने. माध्यमच नसेल तर वेग अनंत होईल, आणि ते अशक्य. शिवाय पोकळीत एकदा निघालेली वस्तू थांबेल कुठे? इथेच का थांबावं आणि तिथे का नाही, याला काही कारणच उरत नाही; म्हणजे ती चालतच राहील. हे त्याला इतकं हास्यास्पद वाटलं की पोकळी नाही याचा पुरावा म्हणून त्याने ते मांडलं. पुढे न्यूटनच्या पहिल्या नियमात हेच वाक्य सरळ अर्थाने आलं. चुकीच्या निष्कर्षाकडे जाताना इतकं अचूक बोललेला माणूस विरळाच.

मध्ययुगीन युरोपात हे मत ‘निसर्गाला पोकळीचा तिटकारा आहे’ अशा सूत्रात गोठलं. त्याला पहिला धक्का दिला तो प्रयोगाने नव्हे, धर्मसत्तेने. १२७७ साली पॅरिसच्या बिशपने बंदी घातलेल्या मतांच्या यादीत एक मत असं होतं की, देव आकाशाला सरळ रेषेत सरकवू शकत नाही, कारण मागे पोकळी राहील. देवाला अमुक करता येत नाही, असं म्हणणंच पाखंड! झालं, निदान तत्त्वतः पोकळीला जागा मिळाली.

प्रत्यक्षात ती सापडली विहिरीवर. पाणी ओढणारा पंप ठरावीक उंचीच्या वर पाणी चढवत नाही, हे इटलीतल्या कारागिरांना ठाऊक होतं. गॅलिलिओने १६३८च्या ग्रंथात ही मर्यादा १८ ब्राच्चा अशी दिली आहे, म्हणजे दहा-अकरा मीटर. त्याने लावलेलं कारण चुकलं: पाण्याचा स्तंभ स्वतःच्या वजनाने दोरखंडासारखा तुटतो, असं त्याला वाटलं. तोरिचेल्ली या इटालियन शास्त्रज्ञाने प्रश्न उलटा केला. आत कोण ओढतंय हे सोडा, बाहेरून कोण ढकलतंय ते पाहा. पाण्यापेक्षा पारा साडेतेरा पट जड, म्हणजे स्तंभ तेवढ्या पटीने आखूड हवा. एका टोकाला बंद असलेली लांब काचनळी पाऱ्याने काठोकाठ भरायची, तोंडावर बोट दाबून ती पाऱ्याच्या वाडग्यात उलटी करायची आणि बोट काढायचं. पारा उतरतो आणि ७६ सेंटिमीटरवर थांबतो. वर राहिलेली जागा रिकामी. ११ जून १६४४च्या पत्रात त्याने लिहिलं की, आपण हवेच्या महासागराच्या तळाशी बुडून जगतो आहोत.

पारा ‘उचलला’ जात नाही, हवेच्या वजनाने तोलला जातो. व्हॅक्यूम काही ओढत नाही. हे एक वाक्य पचलं की पुढची सगळी यंत्रं समजतात. न पचल्यामुळे किती खोळंबा होतो, हे पाहायला इटलीत जायची गरज नाही.

महाराष्ट्रात उघड्या विहिरीवर बसवलेला मोनोब्लॉक पंप घ्या. हिवाळ्यापर्यंत ठीक चालतो, मार्च-एप्रिलात पाणी खाली गेलं की ‘मोटर पाणी उचलत नाही’. मग जास्त अश्वशक्तीची मोटर आणायची टूम निघते. पैसे वाया. समुद्रसपाटीला हवा पाणी फार तर १०.३ मीटर ढकलू शकते, पुण्याच्या उंचीवर ९.७, महाबळेश्वरला ८.८. मोटर पाचची लावा नाहीतर पन्नासची, यापुढे गाडी जात नाही. हा आकडाही कागदावरचाच. सक्शन पाइपातलं घर्षण, फूट व्हॉल्व्हमधला (पाइपाच्या तळाच्या झडपेतला) अडथळा, उन्हाळ्यात कोमट पाण्याची वाफ आणि पंप चालायला लागणारा किमान दाब हे सगळं वजा जाता हाती सहा-सात मीटर उरतात. म्हणून तर पाणी उतरलं की शेतकरी मोटर विहिरीत खालच्या टप्प्यावर उतरवतो. सबमर्सिबल पंप शंभर मीटर खोलीवरूनही पाणी काढतो, कारण तो पाण्यात बसून खालून वर ढकलतो. हवेच्या भरवशावर राहतच नाही.

मर्यादेच्या आत असूनही पंप चालत नसेल तर बहुतेक वेळा ‘एअर धरलेली’ असते. सेंट्रिफ्युगल पंपाचा पंखा हवेत फिरला तर पुरेशी उणीव तयार करू शकत नाही. हवा फार हलकी. त्याला आधी पाण्याने भरावं लागतं. वरचं बूच उघडून पाणी ओतायचं, बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत ओतत राहायचं, बूच लावायचं, डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बंद ठेवून मोटर सुरू करायची आणि दाब आला की तो हळूहळू उघडायचा. ओतलेलं पाणी टिकतच नसेल तर दोष तळाच्या फूट व्हॉल्व्हमध्ये, ज्याला गावोगाव ‘फुटबॉल’ म्हणतात: झडपेत काडीकचरा अडकलेला असतो किंवा वॉशर झिजलेला. पाणी टिकतं पण मोटर सुरू केली की थोड्या वेळात धार तुटते, तेव्हा दोष सक्शनच्या बाजूच्या जोडात किंवा ग्लँडच्या, म्हणजे फिरत्या दांड्याभोवतीच्या, दोरीत शोधावा. ही गळती चालू पंपावर दिसत नाही, कारण पाणी बाहेर येत नसतं, हवा आत जात असते. मोटर बंद करून पाइप भरून ठेवला की तोच जोड ठिबकायला लागतो. सक्शन पाइप पंपाकडे सतत चढता हवा. मध्ये कुठे उंचवटा असेल तर तिथे हवा साचून बसते. आणि फूट व्हॉल्व्हवर दोनेक फूट तरी पाणी हवं, नाहीतर भोवरा होऊन तो वरूनच हवा घेतो. पंपातून खडे फिरल्यासारखा आवाज येत असेल तर तोही उणिवेचाच: दाब इतका पडतो की पाणी थंडच्या थंड उकळतं आणि ते बुडबुडे फुटताना पंख्याचं धातू कुरतडतात.

तोरिचेल्लीचं म्हणणं खरं असेल तर डोंगरावर पारा कमी चढायला हवा. फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कालच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा पेरिए याने १९ सप्टेंबर १६४८ला फ्रान्समध्ये प्युय द डोमवर ते करून पाहिलं. एक नळी पायथ्याशी क्लेर्मों गावातल्या मठात ठेवली आणि एका धर्मगुरूला दिवसभर तिच्यावर नजर ठेवायला बसवलं. दुसरी नळी सुमारे हजार मीटर वर नेली. खाली ७१ सेंटिमीटर, वर ६३ला थोडे कमी. मठातली नळी दिवसभर जागची हलली नव्हती. (क्लेर्मोंचे ७१ म्हणजे नेमके पुण्याचे ७१.) पास्कालचं नाव आज दाबाच्या एककाला आहे, तोरिचेल्लीचं ‘टॉर’ला: पाऱ्याचा एक मिलिमीटर.

माग्डेबुर्गचा महापौर ओटो फॉन गेरिके याच्या दोन अर्धगोलांची गोष्ट शाळेत सगळ्यांनी ऐकलेली असते. त्याआधीचे त्याचे फसलेले प्रयत्न जास्त बोलके आहेत. आधी त्याने लाकडी पिंप पाण्याने भरून ते पाणी पंपाने उपसून पाहिलं. फळ्यांच्या सांध्यांतून हवा सूं करत आत. मग तांब्याचा गोल केला, तो हवेने चेपून टाकला. नीट गोल नसलेलं भांडं अशा वेळी जिथे कच्चं असेल तिथे बसतं, हे त्याला तिथे कळलं. अर्धगोल साधारण अर्ध्या मीटर व्यासाचे, म्हणजे त्यांना एकमेकांवर दाबून धरणारं हवेचं बळ जवळपास दोन टन. १६५७ साली माग्डेबुर्गला त्याने एका बाजूला आठ आणि दुसऱ्या बाजूला आठ असे १६ घोडे जुंपले. खरं तर एक बाजू झाडाला बांधून आठच घोड्यांत तेवढंच बळ लागलं असतं. पण तमाशा निम्मा झाला असता.

आता रेल्वे. ‘कोणीतरी साखळी ओढली, व्हॅक्यूम गेला’, हे वाक्य मराठी प्रवाशांच्या दोन-तीन पिढ्यांनी ऐकलेलं आहे. बहुतेकांची समजूत मात्र अशी की व्हॅक्यूम गाडी थांबवतो. होतं उलटं. व्हॅक्यूम ब्रेकच्या गाडीत, गाडीभर जाणाऱ्या ट्रेन पाइपमध्ये पाऱ्याच्या सुमारे ५१० मिलिमीटरचा व्हॅक्यूम राखलेला असतो, आणि प्रत्येक डब्याखालच्या सिलिंडरात पिस्टनच्या वर आणि खाली दोन्हीकडे तेवढीच उणीव. दोन्ही बाजू सारख्या, म्हणून पिस्टन स्वतःच्या वजनाने खाली बसतो आणि ब्रेक सुटलेले राहतात. साखळी ओढली की पाइपला भोक पडून हवा आत घुसते, पिस्टनच्या खाली जाते; वरच्या बाजूला जाणारी वाट एका गोळीच्या झडपेने बंद होते. वर उणीव, खाली हवा, पिस्टन उचलला जातो आणि ब्रेक लागतात. गाडी थांबवते ती हवा. जोड निसटला, होजपाइप फाटला, डबे तुटले, तरी घडतं तेच: हवा आत, ब्रेक घट्ट.

हे उलटं का करायचं, याचं उत्तर १२ जून १८८९ला आयर्लंडमधल्या आर्माघजवळ मिळालं. रविवारच्या शाळेतल्या मुलांची सहलीची गाडी चढावर अडकली. तिला ‘साधा’ व्हॅक्यूम ब्रेक होता, म्हणजे इंजिनाने उणीव तयार केली तरच ब्रेक लागणार. गाडीचे दोन भाग करून पुढचा आधी वर न्यायचं ठरलं. पाइप सोडवला त्या क्षणी मागच्या दहा डब्यांचा ब्रेक संपला. राहिला एक हातब्रेक आणि चाकांखाली ठेवलेले दगड. पुढचा भाग निघताना जरासा मागे आला, धक्का बसला, दगडांचा चुरा झाला आणि डबे उतारावरून मागून येणाऱ्या गाडीवर जाऊन आदळले. सुमारे ८० माणसं गेली. त्याच वर्षी ब्रिटनच्या संसदेने प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारे सलग ब्रेक सक्तीचे केले.

व्हॅक्यूम ब्रेकची मर्यादा विहिरीच्या पंपाचीच: हवा जेवढी आहे तेवढीच ढकलणार. ५१० मिलिमीटर म्हणजे चौरस सेंटिमीटरला किलोच्या आतच. दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या एअर ब्रेकच्या सिलिंडरात ३.८ किलो मिळतो, म्हणजे साडेपाच पट. त्यामुळे सिलिंडर लहान चालतो आणि लांबलचक मालगाडीतही ब्रेक लवकर लागतात. भारतीय रेल्वेने म्हणूनच व्हॅक्यूम सोडला. बोलण्यात मात्र तो अजून ‘जातो’.

घरात आलेल्या व्हॅक्यूमपैकी क्लीनरची गोष्ट लहान आहे. १९०१ साली लंडनमध्ये ह्यूबर्ट बूथने घोडागाडीवर इंजिन आणि पंप बसवला. गाडी रस्त्यात उभी आणि लांब नळ्या खिडकीतून आत. आजच्या घरगुती यंत्रात उणीव जेमतेम हवेच्या दाबाच्या पाचव्या भागाइतकी असते. धूळ उचलते ती खोलीतून आत धावणारी हवा. म्हणून पिशवी भरली की काम थांबतं आणि आवाज उलट चढतो: हवाच मिळत नाही, पंख्यावरचा भार उतरतो, तो सुसाट फिरतो. तीच हवा मोटर थंड ठेवते, तेव्हा तशीच चालवत राहिलं तर मोटर जळते.

थर्मास जास्त नाजूक. स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स ड्यूअर यांनी १८९२ साली द्रवरूप वायू साठवण्यासाठी दुहेरी भिंतींचं भांडं केलं, पेटंट घेतलं नाही. पुढे जर्मनीत त्याचा ‘थर्मॉस’ झाला आणि मराठीत थर्मास. इथे अर्धवट व्हॅक्यूमचा उपयोग होत नाही, ही गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. निम्मी हवा काढली तर उष्णतेचं वहन निम्मं होईल असं वाटतं, पण दोन भिंतींच्या अरुंद फटीत ते जवळपास तेवढंच राहतं: रेणू कमी झाले तरी उरलेला प्रत्येक रेणू टक्कर होण्याआधी जास्त लांब जातो. रेणूची ही मोकळी धाव भिंतींमधल्या अंतरापेक्षा मोठी झाली की मगच वहन कोसळतं, आणि त्यासाठी दाब टॉरच्या हजाराव्या भागाच्या आसपास न्यावा लागतो. काचेच्या रिफिलच्या बुडाला जे बारीक टोक असतं, तिथूनच हवा काढून काच वितळवून बंद केलेली असते. ते टोक मोडलं की भांडं अखंड दिसतं, चहा मात्र तासाभरात गार.

एसीच्या पाइपातही अशीच सुप्त भानगड असते. हवा काढणं सोपं. खरा शत्रू पाणी. २५ अंशांना पाणी उकळायला दाब पाऱ्याच्या २४ मिलिमीटरखाली जावा लागतो, आणि ओलावा खरोखर निघायला ५०० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपर्यंत. आता गंमत पाहा: २४ आणि अर्धा यांतला फरक साध्या गेजवर एक इंचही भरत नाही. सुई दोन्ही वेळा तिथेच. म्हणून बाहेरच्या हवेशी तुलना न करता आतलाच दाब दाखवणारा मायक्रॉन गेज लागतो. ५०० गाठल्यावर पंपाचा व्हॉल्व्ह बंद करून दहा मिनिटं थांबायचं. आकडा थोडा चढून स्थिरावला तर आत ओलावा आहे, पुन्हा पंप लावा. चढतच राहिला तर लीक. ‘गॅस सोडून हवा काढली’ म्हणणाऱ्या मेकॅनिकने हवा काढलेली असेलही, पाणी आतच असतं. ते तेलाशी मिळून आम्ल करतं आणि दोन-तीन उन्हाळ्यांत काँप्रेसरची वायंडिंग खातं.

मराठीत पाठ्यपुस्तकांनी व्हॅक्यूमला ‘निर्वात’ हा शब्द दिला. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या चित्ताला निवात जागी ठेवलेल्या दिव्याची उपमा आहे: वारा नाही, म्हणून ज्योत हलत नाही. रॉबर्ट बॉइलने १६६०च्या सुमारास रॉबर्ट हुकने बनवलेल्या पंपाच्या काचेखाली पेटती मेणबत्ती ठेवली, तर ज्योत थोड्याच वेळात विझली. वारा नसणं आणि हवा नसणं या दोन वेगळ्या गोष्टी एका शब्दात कोंबल्या गेल्या आहेत, चालायचंच. ‘पोकळी’ बोलण्यात जास्त रुळला, विशेषतः श्रद्धांजलीत. कोणीही गेलं की न भरून येणारी पोकळी निर्माण होते. पोकळीबद्दल याहून चुकीचं विशेषण सापडणं कठीण. राजकारणातले लोक ते बरोबर वापरतात: पोकळी झाली म्हटलं की दुसऱ्या दिवशी कोण आत घुसणार याचीच चर्चा.

घुसू न देणं किती अवघड, ते हिंगोली जिल्ह्यात दिसेल. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभारायला केंद्राने २०२३च्या एप्रिलमध्ये २६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या काटकोनात, आतून लेझर जाणार. वाटेत हवेचे रेणू आले तर प्रकाश थरथरतो. अमेरिकेतल्या जुळ्या वेधशाळांत सव्वा मीटर व्यासाच्या पोलादी नळ्यांतली दहा हजार घनमीटर हवा काढायला ४० दिवस लागले. शिवाय नळ्या महिनाभर दीडशे अंशांच्या वर तापवून भाजल्या, कारण एवढ्या खालच्या दाबाला हवा बाहेरून येत नाही, भिंतीतूनच येते: पोलादात मुरलेला हायड्रोजन आणि पृष्ठभागाला चिकटलेलं पाणी. दाब अखेर वातावरणाच्या एक लाख कोटीव्या भागावर आला. तरी दर घन सेंटिमीटरला सव्वातीन कोटींच्या आसपास रेणू उरतातच, बहुतेक हायड्रोजनचे.

पोलाद हायड्रोजन सोडायचं थांबत नाही, त्यामुळे पंपही थांबवता येत नाहीत. पण फिरणारा पंप चालू ठेवला तर त्याच्या कंपनांनी मोजमापच बिघडतं. म्हणून एकदा खालचा दाब गाठला की काम आयन पंपांवर सोपवतात. त्यात फिरणारा एकही भाग नसतो, आणि तो आतला एकही रेणू ओढून घेत नाही. भटकत भटकत रेणू आपण होऊन आत आला की त्याला विद्युतभार द्यायचा, टायटेनियमच्या पत्र्यावर आदळवायचा आणि तिथेच गाडून टाकायचा. रेणू बाहेर जातच नाही. वर्षानुवर्षं असे रेणू गाडून पत्रा भरला की पंप बदलायचा.